मनातली विषयपत्रिका

सर्वांना जय ख्रिस्त. आपल्या मंडळीच्या कारभारातली भांडणं कशी टाळता येतील, याविषयी थोडं लिहितो; सुरुवात एका जुन्या उदाहरणाने.

29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात वेगवेगळ्या पंथांच्या सहा मंडळ्या एक झाल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभी राहिली. बोलणी 1929 पासून चालली होती. इतकी वर्षं लागली, कारण सोडायचं प्रत्येकालाच होतं. अँग्लिकनांचा कारभार बिशपांच्या हाती, तर अहमदनगर-सोलापूरकडच्या काँग्रिगेशनल वळणात स्थानिक मंडळीच सर्वेसर्वा. बाप्टिस्ट, ब्रदरन आणि डिसायपल्स मोठ्यांनाच बाप्तिस्मा देत, इतर तान्ह्या मुलांनाही.

बिशप राहिले, पण निवडलेले आणि घटनेने बांधलेले. बाप्तिस्म्याच्या दोन्ही रीती मान्य झाल्या. ज्या पाळकाचं मन बालबाप्तिस्म्याला घेत नाही, त्याच्यावर सक्ती नाही, त्याच्या जागी दुसरा पाळक येतो. खरी नाजूक गाठ होती पाळकांच्या दीक्षेची. ‘तुमची दीक्षा अपुरी’ हे ऐकून कोण थांबला असता? तेव्हा सगळ्याच परंपरांच्या सेवकांवर हात ठेवले गेले आणि ज्याला जे हवं ते देवाने पुरवावं, अशी प्रार्थना झाली. कुणात काय उणं, याचा निवाडा मुद्दाम केला नाही. तरीही अमेरिकन परंपरेची मेथडिस्ट मंडळी त्याच वर्षी, अगदी अखेरीस, बाहेर राहिली. एकीची किंमत कुणाला परवडली नाही, तर तेही मान्य करावं लागतं.

आपल्याकडे सिद्धांतावरून भांडणं क्वचितच होतात. होतात ती पेटी कोण वाजवणार, नाताळचा कार्यक्रम कुणाच्या हाती, बँकेत सही कुणाची, यावरून. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 6 मध्येही तक्रार वाटपाचीच आहे: हेल्लेणी, म्हणजे ग्रीक बोलणाऱ्या यहुदी, विधवांकडे रोजच्या वाटणीत दुर्लक्ष होत होतं. प्रेषितांनी ‘कुरकुर बंद करा’ म्हटलं नाही, कारभार स्वतःच्या मुठीतही ठेवला नाही. मंडळीला सात जण निवडायला सांगितलं. स्तेफनापासून नीकलावापर्यंत सातही नावं ग्रीक आहेत! म्हणजे बहुधा ज्यांची तक्रार, त्यांच्याच माणसांच्या हाती वाटप गेलं.

हे इथे कसं आणायचं? सभेची विषयपत्रिका आठवडाभर आधी सर्वांना जावी, आणि प्रत्येक विषयापुढे तो मांडणाऱ्याचं नाव असावं. आयत्या वेळच्या विषयांत निर्णय नको, फक्त नोंद. मनातला अजेंडा बहुतेक वेळा तिथूनच शिरतो, निम्मी माणसं कोट चढवून दाराशी गेल्यावर. ज्याच्या नातलगाचा, धंद्याचा किंवा पदाचा प्रश्न आहे, त्याने चर्चेपुरतं बाहेर बसावं आणि तसं इतिवृत्तात लिहावं; त्यात अपमान काही नाही. अर्पण एकाच घरातल्या दोघांनी मोजू नये. उपासना संपल्यावर तिथेच दोघांनी मोजून, आकडा लिहून, दोन्ही सह्या कराव्यात. घरी नेऊन मोजलेल्या प्रामाणिक पैशावरही संशय येतो, आणि एकदा आला की तो निघत नाही.

मत्तय 18 मधल्या पायऱ्या आपल्याला पाठ आहेत: आधी एकट्याने भेट, मग एक-दोघांना घेऊन, शेवटी मंडळीपुढे. आपण सुरुवात करतो शेवटच्या पायरीपासून, तीही रात्री अकराला व्हॉट्सॲपवर. गटावर तक्रार आली, तर ॲडमिनने उत्तर न देता एवढंच विचारावं: ‘त्यांना भेटलात का?’

पदाची मुदत दोन वर्षं, लगेच पुन्हा तेच पद नाही, आणि बँकेतली सही बदलण्याचा अर्ज निवडणुकीच्याच दिवशी भरायचा: एवढा ठराव येत्या वार्षिक सभेपुढे ठेवावा, अशी विनंती आहे.