कॅनडा पोस्टचं "मिटलं" म्हणायची घाई नको!

नमस्कार मंडळी, ब्रॅम्प्टनहून. खरं तर आज गुळपोळीचा व्हिडिओ यायचा होता, अर्धा शूट होऊन पडलाय. पण डिसेंबर 2025 पासून इनबॉक्समध्ये एकच प्रश्न: "ताई, पोस्टाच्या संपाचं मिटलं ना?"

या भांडणाची पार्श्वभूमी पटकन उरकते. एकीकडे कॅनडा पोस्ट, सरकारी मालकीची कंपनी. दुसरीकडे सुमारे 55,000 पोस्ट कामगारांची युनियन. करार दोन, एक शहरी आणि एक ग्रामीण-उपनगरी कामगारांचा. बोलणी नोव्हेंबर 2023 पासून. 2006 मध्ये वर्षाला 550 कोटी पत्रं वाटली जायची, 2023 मध्ये 220 कोटी. कंपनी म्हणते पैसे नाहीत, शनिवार-रविवारी पार्सलं वाटायला पार्ट-टाइम माणसं हवीत. युनियन म्हणते महागाईप्रमाणे पगार द्या, आणि पार्ट-टाइमच्या दारातून आमच्या पक्क्या नोकऱ्या बाहेर काढू नका. झालं. पुढे.

आता घोळ होतो तो भाग. 15 नोव्हेंबर 2024 ला संप सुरू झाला, 17 डिसेंबरला कामं सुरू झाली. आणि त्या दिवशी पिस्ता रंगाचा कुर्ता घालून, याच चॅनलवर, मी ओरडले होते: "अखेर मिटलं!" तो व्हिडिओ मी काढलेला नाही. खाली लोक अजून येऊन टोमणे मारून जातात, मारा.

मिटलं काहीच नव्हतं. कामगार मंत्री स्टीव्हन मॅकिनन यांनी कामगार कायद्याचं कलम 107 वापरलं, औद्योगिक संबंध मंडळानं कामावर परत जायचा आदेश दिला आणि जुनेच करार 22 मे 2025 पर्यंत वाढवले. म्हणजे काय, तर "जैसे थे". तुमच्या गावी वाटणीचा दावा चालू असेल आणि कोर्टानं स्थगिती दिली, तर जमीन वाटली गेली का? नाही ना! बांध तिथेच, भांडण तिथेच, फक्त कुदळी खाली.

तरी पटत नसेल तर तारखा बघा. 22 मे संपला आणि 23 मेपासून युनियननं ओव्हरटाइम बंद केला. करार झाला असता तर हे कशाला झालं असतं?

तरीही उन्हाळ्यात एका दादांची कॉमेंट आली, "पुढारीच आडमुठे, कामगारांना हवाय करार." दादा, नेमकं हेच तपासून झालं! पॅटी हायडू या मंत्रीणबाईंनी कंपनीचा शेवटचा प्रस्ताव थेट कामगारांपुढे मतदानाला ठेवायला लावला. चार वर्षांत मिळून 13 टक्क्यांच्या वर वाढ होती त्यात. 1 ऑगस्टला निकाल लागला: शहरी गटात 68.5 टक्के "नको", ग्रामीण गटात 69.4 टक्के "नको". पुढाऱ्यांनी "नको म्हणा" असा प्रचार केला होता, मान्य. पण मत कामगारानं दिलं. आणि "नको" म्हटल्यावरही करार होत नाही, परत टेबलावर.

"यांचे फार लाड झालेत" लिहिणाऱ्या ताईंसाठी जरा विषयांतर. 1981 मध्ये याच युनियननं 42 दिवस संप केला आणि 17 आठवड्यांची पगारी बाळंतपणाची रजा मिळवली. तेव्हा देशात ती फार थोड्यांना मिळत होती, नंतर इतर युनियनही मागायला लागल्या. माझ्या लेकीच्या वेळी मी रजा उपभोगली, तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. पोस्टमनला साधा चहाही विचारला नव्हता.

असो. 25 सप्टेंबर 2025 ला सरकारनं जाहीर केलं की 40 लाख घरांची दारपोच टपाल सेवा जाऊन कोपऱ्यावर सामायिक पेट्या येणार. त्याच दिवशी पुन्हा संप. 11 ऑक्टोबरपासून तो आळीपाळीचा, म्हणजे आज हे गाव, उद्या ते. 21 नोव्हेंबरला तत्त्वतः सहमती, 22 डिसेंबरला तात्पुरता करार: पगारवाढ पहिल्या वर्षी 6.5 टक्के, दुसऱ्या वर्षी 3, नंतर महागाईप्रमाणे.

आणि लगेच तुम्ही "मिटलं!" अहो, "तात्पुरता" हा शब्द शोभेला नाही. वाटाघाटी करणाऱ्यांचं जमलंय, पण मी हे सांगतेय तेव्हा कामगारांचं मतदान बाकी आहे. साखरपुडा झालाय, अक्षता पडायच्यात. आणि याच कामगारांनी ऑगस्टमध्ये काय केलं ते आत्ताच सांगितलं.

आता ज्यांना फक्त पार्सलचं पडलंय, आणि निम्मे तुम्ही तेच आहात, मला माहितीये: मतदान होईपर्यंत संप नाही आणि टाळेबंदीही नाही (म्हणजे कंपनीही कामगारांना कामावरून बाहेर ठेवणार नाही), असं दोन्ही बाजूंनी कबूल केलंय. तेव्हा आईला तिळाच्या वड्या पाठवायला सांगा. लाडू नको, माझ्या घरी पोचले तेव्हा त्यांचा भुगा झाला होता.