पिवळा दिवा

(दृश्य: नागपूरच्या मनीषनगरातली फ्लॅट स्कीम. चौकीदाराच्या खोलीतलं फायर अलार्मचं लाल पॅनल.)

या पेटीवरचा हिरवा दिवा म्हणजे वीज आहे. लाल म्हणजे आग. आणि पिवळा म्हणजे यंत्रणेतच काहीतरी बिघडलंय. लाल पेटला की सगळी इमारत धावते. पिवळ्याकडे सहसा कुणी बघत नाही.

आधी छतावरचा डिटेक्टर, म्हणजे धूर ओळखणारं यंत्र, पाहू. त्याच्या आत काळ्या प्लॅस्टिकचा छोटा कप्पा असतो. त्यात एक इन्फ्रारेड एलईडी आणि एक प्रकाश टिपणारा सेन्सर, पण समोरासमोर नाही, तिरके बसवलेले. हवा स्वच्छ असेल तर एलईडीचा उजेड सेन्सरपर्यंत पोचत नाही. धूर शिरला की उजेड त्याच्या कणांवर आदळून विखुरतो, थोडा सेन्सरवर पडतो आणि हूटर वाजतात.

धूर आणि धूळ यांतला फरक मात्र या कप्प्याला कळत नाही. डासांसाठीची धूरफवारणी, पाऊसकिडे, भिंत घासताना उडणारी पुट्टी, कशानेही तो वाजू शकतो. म्हणून रंगकामाच्या वेळी डिटेक्टरवर टोपी घालतात, ते बरोबरच आहे. पण काम संपल्यावर ती तशीच राहिली तर धूर आत जाणारच नाही, आणि पॅनलला याचा पत्ताही लागत नाही. जिन्यातून वर जाताना मान वर करून बघा.

(दृश्य: उघडलेलं पॅनल, टर्मिनलवरच्या तारा.)

साध्या, झोनवाल्या पॅनलमध्ये एका झोनचे, म्हणजे इमारतीच्या एका भागाचे, सगळे डिटेक्टर दोन तारांवर ओळीने जोडलेले असतात. तारांत साधारण 24 व्होल्ट. ओळीच्या शेवटी एक इवलासा रेझिस्टर, म्हणजे करंटला रोध करणारा भाग. त्यातून थोडा करंट सतत वाहतो आणि पॅनल तोच मोजत असतं. करंट ठरल्यापेक्षा वाढला तर आग. थांबला तर तार तुटली, आणि पिवळा दिवा.

फर्निचरचं काम करताना किंवा इंटरनेटची केबल ओढताना तार तुटते. तुटलेली जागा शोधायला अख्खा दिवस जाऊ शकतो. मग दुरुस्तीला आलेला कुणीतरी तारा काढून शेवटचा रेझिस्टर सरळ पॅनलच्याच टर्मिनलवर लावून देतो. दिवा विझतो. पॅनलच्या हिशेबात लाइन पूर्ण असते. प्रत्यक्षात त्या झोनचा एकही डिटेक्टर जोडलेला नसतो. रिकाम्या झोनला रेझिस्टर तिथे लावणं योग्यच. वापरातल्या झोनच्या टर्मिनलवर मात्र वर जाणाऱ्या तारा दिसल्याच पाहिजेत.

पेटीच्या तळाशी 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. वीज गेल्यावर 24 तास यंत्रणा जागी ठेवायची आणि त्यानंतरही अर्धा तास हूटर वाजवायचे, एवढी ताकद त्यांच्यात हवी. तापमान साधारण 10 अंशांनी वाढलं की अशा बॅटरीचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. मे महिन्यात पारा 45 च्या वर, त्यात टिनाच्या छपराखालची खोली; तिथे चार वर्षं टिकणारी बॅटरी दोन वर्षांतच संपली तर नवल नाही. पॅनलचा मेन बंद करा, सगळे हूटर एकदम वाजवा आणि दोन्ही बॅटऱ्यांवर मिळून व्होल्टमीटर धरा. 21 व्होल्टच्या खाली उतरला तर जोडी एकत्रच बदला.

महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार यंत्रणा नीट चालत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. तपासणीच्या वेळी सोसायटीतलं कुणीतरी सोबत उभं राहावं. डिटेक्टर अगरबत्तीने तपासू देऊ नका, तिची चिकट काजळी कप्प्यात बसते. चाचणीच्या धुराचा स्प्रे मिळतो.

आणि एक चाचणी उन्हाळ्यातच करा. बेडरूमचं दार बंद, कूलर फुल स्पीडवर. आता लॉबीतला कॉल पॉइंट, म्हणजे हाताने अलार्म वाजवायची भिंतीवरची पेटी, किल्लीने चालू करा आणि उशीपाशी आवाज मोजा. झोपलेल्या माणसाला उठवायला तिथे 75 डेसिबल हवेत. भरत नसतील तर हूटर फ्लॅटच्या आत लावून घ्यावा लागेल. चाचणी झाल्यावर कॉल पॉइंट पूर्ववत करा, पॅनल रिसेट करा आणि तारखेसकट रजिस्टरमध्ये नोंद करा.