छत नसलेला वर्ग

(पडद्यावर: संगणकातली एक न्यायालयाची खोली. बाकांवर बसलेल्या आकृत्या.)

हे 2006 साल. खोली हार्वर्ड लॉ स्कूलच्या ऑस्टिन हॉलमधली, पण खरी नव्हे, इंटरनेटवरच्या एका जगात उभी केलेली तिची नक्कल. बाकांवर बसलेली माणसं प्रत्यक्षात आपापल्या घरी, आपापल्या संगणकासमोर आहेत आणि तिथून आपापली आकृती चालवताहेत. प्राध्यापक चार्ल्स नेसन आणि त्यांची मुलगी रेबेका यांच्या ‘सायबरवन’ या अभ्यासक्रमाचे काही विद्यार्थी इथेच भेटत.

त्यांचे हात बघा. तेव्हा इथे आवाज नव्हता, सगळं बोलणं टाइप करून. कुणी टाइप करू लागलं की त्याची आकृती हवेतच बोटं नाचवायची आणि कळफलकाची टकटक ऐकू यायची. म्हणजे वाक्य पोचण्याआधीच शेजाऱ्याला कळायचं, याला काहीतरी म्हणायचंय. जरा थांबावं.

या जगाचं नाव सेकंड लाइफ. सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडन लॅब या कंपनीनं ते 2003 साली सुरू केलं. फिलिप रोझडेल हे तिचे संस्थापक. इथे जमीन मिळायची. एक तुकडा 256 मीटर लांब, तेवढाच रुंद, म्हणजे सोळा एकरांच्या आसपास. स्वतःचं बेट हवं असेल तर 2006 च्या अखेरीस आधी 1,675 डॉलर आणि मग दरमहा 295. नसलेल्या जमिनीचं भाडं म्हणून हसू नका. ती जमीन कुठल्या तरी सर्व्हरवर, म्हणजे खऱ्याखुऱ्या संगणकावर चालत होती आणि त्या सर्व्हरला वीज लागत होती.

विद्यापीठं आली, कंपन्या आल्या. मे 2007 मध्ये स्वीडननं तर इथे दूतावास उघडला. व्हिसा मात्र मिळत नव्हता.

आणि आल्या आल्या सगळ्यांनी काय बांधलं? भिंती, बाक, फळा, व्यासपीठ. इथे कुणाचे पाय दुखत नाहीत, तरी खुर्च्यांच्या रांगा. इथे पाऊस कुणाला भिजवत नाही, तरी छत. त्या छतानं घोळ घातला. पाहणाऱ्याची नजर आकृतीच्या मागे, थोडी वर तरंगत असते. ती छताला, भिंतीला अडकायची आणि समोरचा वर्ग दिसायचाच नाही. मग बांधणारे शहाणे झाले. छत उंच गेलं, कुठे कुठे गायबच झालं.

(पडद्यावर: मोकळ्या मैदानात गटागटानं उभ्या आकृत्या.)

2007 मध्ये आवाज आला, आणि माझ्या मते या जागेचा खरा जन्म तेव्हा झाला. कारण तो आवाज अंतर पाळायचा. जवळच्याचं मोठं ऐकू यायचं, लांबच्याचं पुटपुटणं, डावीकडचा डाव्या कानात. दहा जण एका मैदानात तीन वेगवेगळ्या गप्पा मारू शकत. सभा संपल्यावर दाराशी जे बोलणं होतं, ज्यात निम्मी कामं मार्गी लागतात, ते इथे शक्य झालं.

2008 मध्ये आयबीएम या संगणक कंपनीनं आपल्या दोनशेहून अधिक तंत्रज्ञांची परिषद इथे भरवली. खर्च सुमारे 80 हजार डॉलर. वाचले 3 लाख 20 हजार, असा कंपनीचाच हिशेब. विमान नाही, हॉटेल नाही.

पण त्याच आयबीएमला या जागेचा दुसरा उपयोग आदल्या वर्षीच दिसला होता. इटलीतल्या कर्मचाऱ्यांचा बोनस कंपनीनं कापला. 27 सप्टेंबर 2007 रोजी त्यांच्या संघटनेनं कंपनीच्या सेकंड लाइफमधल्या बेटांवरच मोर्चा नेला. हातात फलक, अंगावर घोषणांचे शर्ट. वेगवेगळ्या देशांतून अठराशेवर आकृत्या आल्या, दिवसभर येत राहिल्या. नुसती ईमेल असती तर न उघडता बाजूला सारता आली असती. अंगणात येऊन उभ्या राहिलेल्यांचं काय करायचं? काही आठवड्यांत नवा करार झाला आणि बोनस परत मिळाला.

गर्दीचीही एक गंमत. एका तुकड्यावर फार आकृत्या मावत नसत, सर्व्हर धापा टाकायचा. मोठी सभा असली की व्यासपीठ चार तुकडे जिथे मिळतात त्या कोपऱ्यावर बांधायचं. श्रोते चार सर्व्हरवर वाटले जायचे, बघणाऱ्याला मात्र एकच सभा.

2010 मध्ये लिंडन लॅबनं शिक्षणसंस्थांना दिलेली निम्म्या भाड्याची सवलत बंद करत असल्याचं जाहीर केलं. भाडेकरूनं काय करायचं, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. काहींनी सामान बांधलं आणि ओपनसिम्युलेटर या मुक्त प्रणालीवर स्वतःच्या सर्व्हरवर बिऱ्हाड हलवलं. सवलत 2013 मध्ये परत आली. गेलेले सगळे काही परतले नाहीत.

(पडद्यावर: चौकटींत बसलेले चेहरे.)

मग 2020. शाळा, कचेऱ्या व्हिडिओ कॉलच्या चौकटींत गेल्या. इथे जवळ-लांब काही नाही. सगळे चेहरे एकाच अंतरावर, त्यात आपलाही. दिवसभर असं बसून माणसं थकू लागली. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जेरेमी बेलेन्सन यांनी 2021 मध्ये या थकव्याची कारणं मांडली. अगदी जवळून सतत रोखलेल्या नजरा, दिवसभर स्वतःचंच तोंड बघणं, जागचं न हलणं.

त्याच वर्षांत गॅदर नावाची जागा अनेक संशोधन परिषदांनी वापरली. दिसायला जुन्या व्हिडिओ गेमसारखी, ठोकळ्यांची माणसं. बाणांच्या कळांनी आपला ठोकळा चालवायचा. कुणाजवळ गेलं की त्याचा चेहरा उमटतो, आवाज येतो.

(पडद्यावर: एक ठोकळा टेबलापासून दूर चालत जातो. बोलणं हळूहळू पुसट होतं. तो दुसऱ्या टेबलाशी थांबतो.)