अल्बुमिन, सीआरपी आणि रेंगाळणारा विषाणू

श्रोतेहो, नमस्कार.

2020 आणि 2021 मध्ये, कोरोनाच्या साथीत, ठाण्याला बाळकुमच्या ग्लोबल हबमध्ये, वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रात किंवा कळव्याच्या रुग्णालयात ज्यांच्या घरचं माणूस दाखल होतं, त्यांच्या फायलीत दोन तऱ्हेचे कागद अजून असतील. एक स्वॅबचा रिपोर्ट, पॉझिटिव्ह की निगेटिव्ह. दुसरा रक्ताचा. त्यात शरीरातला दाह दाखवणारे सीआरपी आणि फेरिटिन, एलएफटी म्हणजे यकृताची तपासणी, आणि एलएफटीच्या तळाशी रक्तातल्या प्रथिनांचे आकडे: टोटल प्रोटीन, अल्बुमिन, ग्लोब्युलिन. पहिल्या कागदाकडे सगळ्यांचं लक्ष असायचं. दुसऱ्यातल्या तळच्या तीन ओळी बहुतेकांनी वाचल्याच नाहीत. आज बोलायचं आहे ते त्या तीन ओळींबद्दल, आणि त्यांचा विषाणू शरीरातून जाण्याशी काय संबंध आहे त्याबद्दल.

साथीच्या पहिल्याच वर्षी जगभरच्या रुग्णालयांना एक गोष्ट दिसू लागली. दाखल होताना ज्यांचं अल्बुमिन कमी आणि सीआरपी जास्त, त्यांचा आजार जास्त चिघळतो, आणि अनेक ठिकाणी त्यांचा स्वॅब निगेटिव्ह व्हायलाही उशीर लागतो. निरीक्षण खरं आहे. त्यावरून काढलेला एक निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. तो असा की, अल्बुमिनची बाटली चढवली की विषाणू लवकर जाईल. या निष्कर्षापायी कित्येक कुटुंबांनी हजारो रुपयांच्या बाटल्यांसाठी औषधांची दुकानं पालथी घातली, म्हणून हे सविस्तर सांगायला हवं.

अल्बुमिन यकृतात तयार होतं, निरोगी माणसात रोज साधारण 10 ते 15 ग्रॅम. रक्तात ते डेसिलिटरला 3.5 ते 5 ग्रॅम असतं. रक्तवाहिनीतलं पाणी वाहिनीतच धरून ठेवणं हे त्याचं मोठं काम. शरीरात संसर्ग भडकला की इंटरल्यूकिन-6 नावाचा निरोप्या रेणू यकृताकडे पोचतो आणि यकृत आपलं उत्पादन बदलतं. सीआरपी, फेरिटिन, फायब्रिनोजेन वाढवतं आणि अल्बुमिनला कात्री लावतं. म्हणजे सीआरपी वर आणि अल्बुमिन खाली, या दोन्हींमागे एकच भडका असतो.

पण घसरणीचं मोठं कारण वेगळंच आहे, आणि ते साध्या गणितातून कळतं. अल्बुमिनचं अर्धायुष्य सुमारे 20 दिवसांचं. समजा यकृताने एका रात्रीत उत्पादन पूर्ण थांबवलं. तरी तीन दिवसांत पातळी जेमतेम दहा टक्के उतरेल, 3.8 ची 3.4 होईल. प्रत्यक्षात तीन दिवसांत 3.8 चं 2.8 झालेलं आपण पाहतो. मग उरलेलं गेलं कुठे? बरंचसं शरीरातच असतं. सूज आलेल्या केशवाहिन्या पाझरू लागतात आणि अल्बुमिन रक्तातून ऊतींमध्ये उतरतं. शिवाय सलाइन चालू असेल तर रक्त पातळ होऊन आकडा आणखी खाली दिसतो. तेव्हा चौथ्या दिवशी घसरलेलं अल्बुमिन पाहून ‘पोटात काही गेलं नाही म्हणून प्रोटीन कमी झालं’ असं घरच्यांनी स्वतःला दोष देत बसू नये. तीन दिवसांच्या उपासाने एवढी घसरण होत नाही.

आता विषाणूची बाजू. स्वॅबची आरटी-पीसीआर चाचणी विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचा जनुकीय धागा शोधते. तो विषाणू जिवंत आहे की नाही, हे ती सांगत नाही. इमारत पाडून झाल्यावरही राडारोडा उचलायला दिवस लागतात, तसे विषाणूचे तुकडे घशात राहतात. 2020 च्या अखेरीस 79 अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात नाक-घशातला आरएनए सरासरी 17 दिवस आणि जास्तीत जास्त 83 दिवस सापडला होता. वाढवून पाहता येईल असा जिवंत विषाणू मात्र लक्षणांच्या नवव्या दिवसानंतर त्या अभ्यासांत मिळाला नव्हता. पुढे अतिगंभीर आणि प्रतिकारशक्ती दबलेल्या रुग्णांत तो जास्त दिवस टिकतो हेही दिसलं. त्या आढाव्याच्या आधीच, 8 मे 2020 च्या केंद्राच्या नव्या डिस्चार्ज धोरणात सौम्य रुग्णांना घरी सोडण्यासाठी पुन्हा स्वॅब लागणार नाही असं ठरलं. गंभीर रुग्णांसाठी तो एकदा निगेटिव्ह येण्याची अट राहिली.

सीटी व्हॅल्यूचं गणितही ध्यानात घ्या. आरटी-पीसीआरच्या यंत्राला कितव्या चक्रात आरएनए दिसला तो हा आकडा. तो जितका मोठा, तितका नमुन्यात विषाणू कमी. यंत्रात दर चक्राला आरएनएच्या प्रती दुप्पट होतात, म्हणून सीटी 22 वरून 31 वर गेली तर नऊ वेळा दुप्पट, म्हणजे सुमारे पाचशे पटींचा फरक. पण स्वॅबची काडी नाकात मागपर्यंत न जाता पुढेच फिरवली, किंवा नमुना थंड पेटीत न ठेवता तासन् तास राहिला, तर विषाणू असूनही सीटी वर जाते. एकाच सीटीवरून औषध ठरवू नये, असं आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनेही 2020 मध्येच सांगितलं होतं.

मग अल्बुमिन कमी आणि विषाणू रेंगाळलेला, ही जोडी का दिसते? विषाणूचा निकाल लावतात त्या टी-पेशी, इंटरफेरॉन आणि दुसऱ्या आठवड्यात तयार होणारी प्रतिद्रव्यं. वय जास्त, मधुमेह, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा जुना आजार, लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी उतरलेल्या, अशा माणसात ही फौज उशिरा उभी राहते. त्याच माणसाचं अल्बुमिनही मुळात कमी असतं आणि भडक्यात आणखी पडतं. दोन्ही गोष्टी एकाच मुळातून येतात, एकीमुळे दुसरी होते असं नाही. आणखी एक खोच आहे. दाखल झाल्यापासून दिवस मोजले तर उशिरा आलेला रुग्ण लवकर निगेटिव्ह झाल्यासारखा वाटतो. दिवस मोजायचे ते पहिल्या तापापासून. प्रत्येक रिपोर्टच्या कोपऱ्यात ‘लक्षणांचा सातवा दिवस’ असं पेनाने लिहून ठेवा. डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

आता अल्बुमिनच्या बाटलीबद्दल. इटलीतल्या अतिदक्षता विभागांत सेप्सिसच्या, म्हणजे संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागलेल्या, 1,818 रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2014 मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाला 20 टक्के अल्बुमिन देऊन पातळी डेसिलिटरला 3 ग्रॅमपर्यंत राखली, दुसऱ्याला फक्त सलाइनसारखे द्रव दिले. 28 दिवसांनी आणि 90 दिवसांनीही मृत्यूंच्या प्रमाणात फरक पडला नाही. ते कोरोनाचे रुग्ण नव्हते, पण पाझरणाऱ्या केशवाहिन्या त्याच. वरून ओतलेलं अल्बुमिनही तिथूनच बाहेर उतरतं. यकृत सुकलेल्या रुग्णाच्या पोटातलं पाणी काढताना अल्बुमिन हवंच, तिथे ते जीव वाचवतं. विषाणू घालवायला त्याचा उपयोग नाही.

आता एक नमुना रिपोर्ट वाचून पाहू. टोटल प्रोटीन 7.0, अल्बुमिन 2.9, ग्लोब्युलिन 4.1. वरची ओळ अगदी नॉर्मल दिसते आणि तिथेच फसगत होते. अल्बुमिन पडलंय आणि ग्लोब्युलिनने बेरीज भरून काढली आहे. ए-जी रेशो, म्हणजे अल्बुमिन भागिले ग्लोब्युलिन, 0.7 येतो, निरोगी माणसात तो एकाच्या वर असतो. म्हणून बेरीज सोडून अल्बुमिनची ओळ बघायची. याच रिपोर्टात कॅल्शियम 7.9 असेल तर घाबरू नका. कॅल्शियमचा मोठा भाग अल्बुमिनला चिकटून असतो. चारातून अल्बुमिन वजा करा, 0.8 ने गुणा आणि कॅल्शियममध्ये मिळवा. 7.9 चे जवळपास 8.8 होतात, म्हणजे ठीकच.

सीआरपीचं एकक न चुकता बघा. काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटर लिहितात, काही मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. 12 आणि 120 हा एकच आकडा असू शकतो. रुग्णालय बदलल्यावर ‘सीआरपी दहापट झाला’ म्हणून हंबरडा फोडलेल्या घरी बऱ्याचदा फक्त एकक बदललेलं असतं. सीआरपीचं अर्धायुष्य सुमारे 19 तास, त्यामुळे भडका शमला की तो दोन-तीन दिवसांत उतरतो. अल्बुमिन मात्र आठवडेच्या आठवडे मागे राहतं. नवव्या दिवशी सीआरपी 118 वरून 46 वर, ऑक्सिजनची गरज कमी, आणि अल्बुमिन 3.1 वरून 2.8, तर माणूस सुधारतोय. उलट टोसिलिझुमॅब दिलं असेल तर सीआरपीवर विसंबू नका. ते औषध इंटरल्यूकिन-6 चाच रस्ता अडवतं, त्यामुळे आत नवा जंतुसंसर्ग वाढत असतानाही सीआरपी खाली राहू शकतो.

नमुना घेतानाही चुका होतात. सलाइन चालू असलेल्या हातातून, सुईच्या वरच्या बाजूने रक्त घेतलं तर अल्बुमिन खोटं कमी येतं. दंडाला पट्टा मिनिटापेक्षा जास्त आवळून ठेवला तर खोटं जास्त. उलट्या-जुलाबांनी पाणी कमी झालं असेल तरीही जास्त. पावसाळ्यात डेंग्यूने ठाण्या-नवी मुंबईत माणसं दाखल होतात, तेव्हाही केशवाहिन्या अशाच पाझरतात आणि हेच वाचन कामी येतं.

खाण्याने विषाणू जात नाही, पण स्नायू वाचतात, आणि आजारातून उठायला स्नायूच लागतात. रुग्णालयातल्या ज्येष्ठाला वजनाच्या किलोमागे साधारण 1 ते 1.3 ग्रॅम प्रथिनं लागतात. 60 किलोच्या माणसाला 1.2 ने धरली तर 72 ग्रॅम. दोन अंडी 12, दोन वाट्या घट्ट डाळ किंवा मटकीची उसळ 14, दोन पेले दूध 13, वाटीभर दही 5, चार पोळ्या 12, आणि कोंबडी किंवा मासळीचा शंभर ग्रॅमचा तुकडा सुमारे 20. शाकाहारी असाल तर तेवढंच पनीर, 18. घरून डब्यात येते ती भाताची पेज आणि मुगाचं पाणी. त्यात प्रथिनं नावालाच. पेजेत दुधाची पावडर किंवा फेटलेलं अंडं शिजवून घाला. ऑक्सिजन मास्कवरचा रुग्ण दोन घासांत दमतो. डॉक्टरांची परवानगी असेल तर जेवताना नाकातली नळी लावून घ्यावी आणि तीनऐवजी सहा वेळा थोडं थोडं द्यावं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे प्रमाण डॉक्टरांनाच ठरवू द्या.

घरी आल्यावर लगेच आठवड्यात अल्बुमिन तपासू नका, ते कमीच येईल. तीन-चार आठवड्यांनी तपासा. तेव्हाही 3.5 च्या खाली असेल, पायांवर सूज असेल, तर सकाळच्या लघवीत प्रोटीन जातंय का ते बघा. आणि दोन्ही वेळचं रक्त शक्यतो एकाच लॅबमध्ये द्या. अल्बुमिन मोजायला कुठे हिरवा रंग वापरतात, कुठे जांभळा. हिरवा रंग ग्लोब्युलिनलाही थोडा चिकटतो आणि आकडा अर्ध्या ग्रॅमपर्यंत वाढवून दाखवू शकतो.