जंतूभोवतीची गुठळी

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताचा थेंब]

तांबड्या पेशींच्या गर्दीत हे जे बारके ठिपके दिसतायत, त्या प्लेटलेट. व्यास जेमतेम 2 ते 3 मायक्रोमीटर, केंद्रक नाही, आयुष्य 7 ते 10 दिवसांचं. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात या 1,50,000 ते 4,50,000 असतात. जखम झाली की त्या एकमेकींना चिकटतात आणि रक्त थांबतं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण कुठेही कापलेलं नसताना, केवळ रक्तात जंतू शिरला म्हणूनही त्या गोळा होतात. गोष्ट आहे ती या दुसऱ्या गुठळीची.

[दृश्य: प्रयोगशाळा. काचेच्या नळीतून जाणारा प्रकाश, शेजारी सरकणारा आलेख]

प्लेटलेट गोळा होताना मोजायची पद्धत गुस्ताव बॉर्न यांनी 1962 साली मांडली. प्लेटलेट असलेला प्लाझ्मा, म्हणजे तांबड्या पेशी काढलेला रक्ताचा द्रव भाग, ढवळत ठेवायचा आणि त्यातून प्रकाश सोडायचा. आधी द्रव गढूळ असतो. प्लेटलेटचे गोळे झाले की तो नितळ होतो, प्रकाश जास्त पार जातो, आलेख चढतो. एडीपी हे प्लेटलेटना गोळा व्हायचा संदेश देणारं रसायन टाकलं तर चढण काही सेकंदांत सुरू होते.

आता त्याच नळीत जंतू टाकू. काहीच होत नाही. रेषा सपाट. मिनिटं जातात, प्रयोग फसला असं वाटायला लागतं, आणि मग एकाएकी आलेख थेट वर. अर्धवट काही नाही; एक तर पूर्ण गोळा, नाही तर काहीच नाही. जंतू कमी घातले तर वाट जास्त पाहावी लागते, पण चढण सुरू झाली की ती पूर्णच होते.

या सपाट रेषेच्या काळात बरंच काही चाललेलं असतं. पूर्वीच्या संसर्गांमुळे आपल्या रक्तात आधीच असलेली प्रतिपिंडं (अँटिबॉडी) जंतूला येऊन चिकटतात. प्लेटलेटवर ‘एफसी गॅमा आर टू ए’ नावाचा ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे बाहेरचे रेणू पकडणारं प्रथिन) असतो, तो त्या प्रतिपिंडांचं शेपूट पकडतो. दुसरीकडे स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू आपल्या क्लम्पिंग फॅक्टर ए या प्रथिनाने फायब्रिनोजेन हे रक्तातलं गुठळी बांधणारं प्रथिन धरतो आणि प्लेटलेटशी पूल बांधतो. म्हणजे जंतूला पकडून देणारी प्रतिपिंडंच इथे त्याच्या गुठळीला हातभार लावतात. या साऱ्या विषयातली मला सर्वांत चमत्कारिक वाटणारी गोष्ट हीच.

[दृश्य: हृदयाची झडप, तिच्यावर लोंबणारी गाठ]

हृदयाच्या झडपेवर असा संसर्ग बसला, तर प्लेटलेट, फायब्रिन (फायब्रिनोजेनपासून बनणारे धागे) आणि जंतू यांची गाठ तयार होते. आत पांढऱ्या पेशी फारशा पोचत नाहीत, म्हणून अँटिबायोटिक बहुधा 4 ते 6 आठवडे शिरेतून द्यावं लागतं. गाठीचा तुकडा सुटून मेंदूत गेला, तर पक्षाघात.

मग प्लेटलेटच रोखल्या तर? औषधं हाताशी आहेत. अ‍ॅस्पिरिन थ्रॉम्बॉक्सेन हे प्लेटलेटना गोळा करणारं रसायन तयार होऊ देत नाही. एकदा निकामी झालेली प्लेटलेट मरेपर्यंत तशीच राहते. क्लोपिडोग्रेल आणि टिकाग्रेलोर एडीपीचा संदेश अडवतात. टिरोफिबान प्लेटलेटना एकमेकींशी जोडणारा शेवटचा पूलच तोडतं. सशांवरच्या प्रयोगांत अ‍ॅस्पिरिनने झडपेवरच्या गाठी लहानही झाल्या.

माणसांत मात्र ते जमलं नाही. झडपेच्या संसर्गाच्या 115 रुग्णांवरची चाचणी 2003 साली प्रसिद्ध झाली. रोज 325 मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन देऊनही तुकडे सुटण्याचं प्रमाण घटलं नाही, उलट रक्तस्रावाचा कल वाढता दिसला. पुढे ऑस्ट्रेलियात 16,703 वृद्धांना रोज 100 मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन किंवा नुसती दिखाऊ गोळी दिली. सेप्सिसने, म्हणजे संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागल्याने, होणारे मृत्यू कमी झाले नाहीत.

एक कारण असं असू शकतं की प्लेटलेट जंतूला फक्त आसरा देत नाहीत, मारतातही. त्यांच्या आतल्या कणिकांत जंतुनाशक पेप्टाइड (छोटी प्रथिनं) असतात, आणि पांढऱ्या पेशींना जंतू अडकवणारं जाळं टाकायलाही त्या उद्युक्त करतात. त्यामुळे झडपेच्या संसर्गावर उपाय म्हणून अ‍ॅस्पिरिन नव्याने सुरू करत नाहीत. हृदयविकारासाठी जे आधीपासून घेतात, त्यांचं काय करायचं हे रक्तस्राव आहे का ते पाहून डॉक्टर ठरवतात. स्वतःहून गोळी सुरू करणं किंवा बंद करणं, दोन्ही धोक्याचं.

टिकाग्रेलोरची कथा जरा वेगळी. हृदयविकाराच्या 18,624 रुग्णांच्या चाचणीची आकडेवारी नंतर पुन्हा तपासताना, क्लोपिडोग्रेलच्या तुलनेत टिकाग्रेलोर घेणाऱ्या गटात फुप्फुसाच्या संसर्गानंतरचे मृत्यू कमी दिसले. 2019 साली बेल्जियमच्या संशोधकांनी दाखवलं की हे औषध प्रयोगशाळेत काही जंतूंना थेट मारतं. पण त्यासाठी लागलेली मात्रा नेहमीच्या डोसने रक्तात पोचते त्याहून बरीच जास्त होती.

[दृश्य: पिंजऱ्यातला उंदीर]

सध्या काही संशोधकांची नजर प्रतिपिंडाचं शेपूट पकडणाऱ्या त्या ग्राहकावर आहे. तो अडवला तर जंतूभोवतीची गुठळी टळेल आणि जखमेवरची होत राहील, असा हिशेब. अडचण एवढीच की उंदराच्या प्लेटलेटवर तो ग्राहक मुळात नसतोच. म्हणून आधी मानवी जनुक घातलेले उंदीर तयार करावे लागतात, आणि मग प्रयोगाला सुरुवात होते.