शहरातला एक दिवस, आणि ठिकाण फक्त एक

नमस्कार मंडळी. आधी हे पान बघा.

[वहीचं पान कॅमेऱ्यासमोर]

आमच्या पहिल्या शहरफेरीची यादी. साडेनऊला वस्तुसंग्रहालय, साडेअकराला तारांगण, एक वाजता बागेत जेवण, दोनला विज्ञान केंद्र, चारला जुन्या शहरात चक्कर. प्रत्येकासमोर विषय लिहिलाय: इतिहास, भूगोल, विज्ञान. होमस्कूलिंगचं आमचं पहिलंच वर्ष होतं. मुलं शाळेत जात नाहीत म्हटल्यावर दिवस कसा भरगच्च दिसला पाहिजे ना! आता कुणाला दिसायला हवा होता, ते विचारू नका.

दुपारी दीड वाजता धाकटा एका दालनाच्या मधोमध फरशीवर आडवा झाला. झोपला नव्हता, संपावर गेला होता. थोरली म्हणाली, "आई, मला आता काही दाखवू नकोस." आणि घरी येताना दोघं बोलत होती ती कशाबद्दल? लिफ्टबद्दल! दिवसभरात पाच मिनिटंसुद्धा नसेल आमची त्या लिफ्टशी गाठ.

तेव्हापासून नियम केला. मोठ्या शहरात जायचं तर ठिकाण एकच. उरलेला दिवस शहरासाठी मोकळा. आज हे कसं करतो ते सांगते. आणि हो, त्या लिफ्टचंही सांगते.

आधी वार. आपल्याला आठवड्यातल्या कुठल्याही दिवशी जाता येतं, ही आपली चैन. पण बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात, काही इतर वारी. पॅरिसचं लूव्र मंगळवारी बंद असतं. त्यामुळे वार बघूनच निघायचं. शाळांच्या सहली बहुतेक सकाळी येतात, म्हणून आम्ही आत शिरतो जेवणानंतर. तोवर पायी भटकंती. उलट क्रम लावला तर पहिल्याच दालनात साठ मुलांच्या रांगेमागे उभं राहावं लागतं.

निघण्याआधी दोन कामं. दाराबाहेर पडलो की मुलांचा एक फोटो काढायचा. चुकामूक झालीच तर 'कपडे कोणते होते' हे घाबरलेल्या डोक्याला आठवत नाही. दुसरं, फोन नंबर पाठ. चिठ्ठीवर नाही, पाठ. आणि हरवलं तर शोधत फिरायचं नाही, जिथे आहोत तिथेच थांबायचं. दोघं एकमेकांना शोधत फिरत राहिले तर भेट लांबत जाते. हे मी गप्पांत सांगून सोडून देत नाही, स्टेशनवर एकदा करून दाखवते.

आता स्टेशन. नकाशा मुलांच्या हातात द्यायचा आणि आपण मागे चालायचं. मी खरोखर मागे चालते. चुकलो तर चुकलो, उलटी गाडी पकडून परत यायचं.

मेट्रोचा नकाशा दिसतो साधा, पण तो चक्क खोटं बोलतो. हॅरी बेक नावाच्या माणसाने 1931 साली लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी एक नकाशा काढला. तो विजेच्या मंडलांच्या आकृत्या काढणारा ड्राफ्ट्समन. त्याने विचार केला, गाडीत बसलेल्याला नदी किती वळणं घेते ते कशाला हवं? कुठे चढायचं, कुठे बदलायचं, एवढंच हवं. म्हणून रेषा फक्त आडव्या, उभ्या आणि 45 अंशांत तिरक्या. 1933 मध्ये तो छापून लोकांच्या हातात आला, आणि आज जगभरातल्या शहरांचे मेट्रो नकाशे त्याच वळणाचे असतात. पण अंतरं गेली. लंडनमध्ये लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन या दोन स्टेशनांमधलं अंतर जेमतेम 260 मीटर आहे. नकाशावर बघून कुणालाही वाटेल, गाडीनेच गेलं पाहिजे.

यातून आमचा खेळ निघाला. गाडीत बसल्यावर प्रत्येक दोन स्टेशनांमधले सेकंद मोजायचे आणि लिहायचे. नकाशावर सारखी दिसणारी अंतरं, पण एकाला 70 सेकंद, दुसऱ्याला तीन मिनिटं. धाकट्याला राग आला होता, "मग नकाशा चुकीचा का छापतात?" याचं उत्तर मी दिलं नाही. थोरलीने दिलं, आणि मी देणार होते त्यापेक्षा बरं दिलं: "तो रस्त्याचा नकाशा नाहीच, तो निर्णयाचा नकाशा आहे."

स्टेशनवरच पायाखाली बघा. अंधांना वाट कळावी म्हणून बसवलेल्या पिवळ्या खडबडीत फरश्या. जपानमध्ये सेइइची मियाके यांनी 1965 साली त्या शोधल्या, आणि 1967 मध्ये ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर पहिल्यांदा बसवल्या. लांब रेघा म्हणजे चालत राहा. गोल ठिपके म्हणजे थांब, पुढे काहीतरी आहे: जिना, रस्ता, फलाटाची कड. मुलांनी डोळे मिटायचे, हात माझ्या हातात, आणि पायाने वाचत चालायचं. फलाटावर मात्र हे अजिबात नाही, रुंद पादचारी मार्गावरच. आम्ही एकदा रेघांवरून चालत सरळ एका खांबावर जाऊन आदळलो. फरशी बसवणारा वेगळा, खांब रोवणारा वेगळा. त्या दिवशी नागरिकशास्त्राचा तास झाला आणि पुस्तक बॅगेतच राहिलं.

लोक विचारतात, "आज शाळा नाही का रे?" आम्ही घरी शिकतो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "बरं, मग सतरा नवे किती?" सुरुवातीला मीच मुलांच्या आधी उत्तर द्यायचे, घाम पुसत. आता थोरली हसून म्हणते, "थांबा, सांगते," आणि सतरा दाहे एकशे सत्तरातून सतरा वजा करते. समोरच्याला एकशे त्रेपन्नच हवे असतात. ते मिळाले की तो निघून जातो.

आता लिफ्ट.

धाकट्याचा प्रश्न होता, दोर तुटला तर? हाच प्रश्न एकोणिसाव्या शतकात सगळ्यांना पडायचा, म्हणून माणसं लिफ्टमध्ये चढायची नाहीत, मालच चढायचा. 1854 मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात एलिशा ओटिस नावाचा लिफ्ट बनवणारा माणूस उघड्या फळीवर उभा राहिला, फळी वर चढवली, आणि गर्दीसमोर दोर कापायला लावला. फळी थोडी घसरली आणि थांबली. युक्ती अशी की दोराच्या ताणाने एक स्प्रिंग वाकलेली असते. दोर तुटला, ताण गेला, स्प्रिंग सुटली आणि दोन्ही बाजूंच्या दातेरी पट्ट्यांत अडकली. म्हणजे दोर तुटणं हाच ब्रेक लागण्याचा इशारा.

[हातात दोरी, कप्पी, दोन डबे]

आणि हे बघा. हा डबा म्हणजे लिफ्ट, हा दुसरा म्हणजे तिचा प्रतिभार. दोरांवर चालणाऱ्या लिफ्टच्या दुसऱ्या टोकाला एक जड वजन लटकत असतं. ते साधारण रिकाम्या लिफ्टएवढं, अधिक ती जितका भार वाहते त्याच्या 40 ते 50 टक्के. त्यामुळे मोटरीला फक्त फरक उचलावा लागतो. गंमत पुढे आहे. लिफ्ट रिकामी असेल तर प्रतिभारच जड, म्हणून रिकामी लिफ्ट वर जाताना मोटरीला ती ओढावी लागत नाही, आवरावी लागते! हे कळल्यावर आमच्या घरात आठवडाभर कप्पी लटकत होती. यांचे बाबा दोनदा अडकून पडता पडता वाचले.

पण मला सगळ्यात आवडतं ते याच्या पुढचं. लिफ्ट नव्हती तेव्हा वरचा मजला कुणाला हवा होता? जिने चढून जीव जायचा. पॅरिसमधल्या जुन्या इमारतींत छपराखालच्या खोल्या नोकरांच्या असायच्या. लिफ्ट आली आणि हिशेब उलटला. हवा, उजेड, देखावा सगळं वर, म्हणून पैसेवाले वर. रस्त्यावरून उंच इमारतीकडे बघून मुलांना विचारा, कोण कुठे राहत असेल? मग जिथे लिफ्ट नाही अशा जुन्या इमारतीसमोर तोच प्रश्न.

असं करत करत दुपारी आपण त्या एका ठिकाणी पोचतो. संग्रहालय म्हणजे मुलांचा कंटाळा, असं आपण सहज म्हणतो. दोष मुलांचाच असतो असं नाही. बॉस्टनच्या कला संग्रहालयातल्या बेंजामिन आइव्ह्ज गिलमन यांनी 1916 साली याच थकव्यावर लेख लिहिला. एका माणसाला साधे प्रश्न देऊन वस्तू पाहायला लावलं आणि त्याचे फोटो काढले. बिचारा वाकतोय, गुडघे टेकतोय, मान वाकडी करतोय. गिलमन यांचा रोख वस्तू मांडण्याच्या पद्धतीवर होता. तुम्ही धाकट्याच्या उंचीला खाली बसून काचेच्या कपाटाकडे बघा. आम्हाला नुसती दिव्यांची तिरीप दिसली, आणि नाणी कुठे आहेत तेच कळेना.

म्हणून आत गेल्यावर प्रत्येकाने एकच वस्तू निवडायची, आणि तिच्यासमोर दहा मिनिटं बसून चित्र काढायचं. चित्र चांगलं यायला नको. काढायला घेतलं की भांड्याला कान एकाच बाजूला का आहे, हा प्रश्न आपोआप पडतो. बाकी दालनं राहिली तर राहू द्या, आम्ही तासाभरात बाहेर.

घरी आलो की दुसऱ्या दिवशी कोरा कागद. काल गेलो होतो ते शहर आठवून काढ. ही कल्पना माझी नाही. नगररचनाकार केव्हिन लिंच यांनी बॉस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिसमधल्या लोकांना शहराचे नकाशे आठवून काढायला सांगितले होते. त्यातून त्यांनी 1960 मध्ये मांडलं की माणसाच्या मनातलं शहर रस्ते, कडा, भाग, नाके आणि खुणेच्या जागा यांचं बनतं.

[दोन कागद शेजारी शेजारी]

हा थोरलीचा. नदी काढलीय, पूल दोन, स्टेशनं सेकंदांसकट. आणि हा धाकट्याचा. संग्रहालय म्हणजे कोपऱ्यातला हा चौकोन, दिसतोय ना, एवढासा. मधोमध तो खांब, आम्ही आदळलो तो. आणि कागदाच्या वरपासून खालपर्यंत ही जी पट्टी आहे, ती लिफ्ट. शेजारी प्रतिभारही काढलाय. प्रतिभाराला वर बाण आणि लिफ्टला खाली बाण, दोन्ही बरोबर आहेत, मी तपासलं.