वेल फुलतो, मग फळ का सडतं?

[दृश्य: चोपड्यातलं एक परसदार. पत्र्यावर चढलेला गंगाफळाचा (लाल भोपळ्याचा) वेल. सकाळची वेळ.]

वेल पत्र्यावर चढला, पानं सुपाएवढी झाली, फुलंही रोज निघताहेत. पण लिंबाएवढं फळ दिसलं की चार दिवसांत पिवळं पडतं, टोकाकडून मऊ होतं आणि हात लावला की हातात येतं. खान्देशात परसातल्या वेलाजवळ उभं राहिलं की हा प्रश्न ठरलेला: “वेल ते गैरा फुलस, पन फय काबर सडी जास?”

मग कोणीतरी कृषी केंद्रात जातं, ‘फळ सडतंय’ म्हणून सांगतं आणि बुरशीनाशकाची पुडी घेऊन येतं. ती मारूनही फळं सडतातच. कारण यातली बरीचशी फळं सडण्याआधीच मेलेली असतात.

[दृश्य: मादी फूल, अगदी जवळून.]

हे मादी फूल. फुलाच्या बुडाशी पाहा. कळी उमलायच्या आधीच तिथे पिटुकलं गंगाफळ तयार आहे. म्हणजे फळ दिसलं, तरी ते धरलंय असं समजायचं कारण नाही. शेजारी हे नर फूल. लांब, सडपातळ देठ, खाली फळ नाही. आत मधोमध एकच पिवळा दांडा. बोट लावलं की पूड लागते. मादी फुलात या दांड्याच्या जागी तीन चिकट गड्डे आहेत. नराची पूड या तिन्ही गड्ड्यांवर भरपूर पडायला हवी.

भरपूर का? एका गंगाफळात शेकडो बिया असतात आणि प्रत्येक बीमागे एक परागकण लागतो. एखादी मधमाशी एकदा डोकावून गेली, एवढ्यानं भागत नाही. पूड कमी पडली तर फळ एका अंगानं फुगतं, वाकडं होतं. अजिबात पोचली नाही, तर वेल त्या फळाला पोसणं थांबवतो. बुरशी येते ती त्यानंतर.

आता वेळेचं गणित. गंगाफळाचं फूल पहाटे उमलतं आणि ऊन चढलं की मिटतं, पुन्हा उघडत नाही. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. त्या उन्हात परागकण निकामी होतात, मधमाशा कमी फिरतात, आणि लांब, तापलेल्या दिवसांत वेल नर फुलंच जास्त काढतो. मृगाचा पाऊस पडून हवा निवली की त्याच वेलाला फळं धरू लागतात. श्रेय मात्र आदल्या आठवड्यात मारलेल्या औषधाला मिळतं! तेच औषध कीटकनाशक असेल आणि सकाळी उमललेल्या फुलांवर मारलं असेल, तर होत्या त्या माशाही जातात.

[दृश्य: नर फुलाच्या पाकळ्या सोलणारी बोटं.]

माशा नसतील तर हे काम आपण करायचं. ताजं नर फूल तोडा, पाकळ्या सोला आणि दांडा मादी फुलातल्या तिन्ही गड्ड्यांवर अलगद फिरवा. एका मादीला दोन-तीन नर फुलं वापरली तर उत्तम. ऊन चढायच्या आत उरका. पण हा नियम सगळ्या वेलांना लावू नका. गिलक्याचं (घोसाळ्याचं) फूल सकाळचं, दोडक्याचं आणि दुधीचं संध्याकाळचं. दुधीच्या पांढऱ्या फुलावर रात्री पतंग येतात. सकाळी आठ वाजता दुधीवर ब्रश फिरवणं म्हणजे वरात गेल्यावर मांडव घालणं.

[दृश्य: फरशीवर सुरीनं चिरलेलं सडकं गिलकं.]

हे प्रकरण वेगळं. सालीवर डिंकासारखा थेंब, फळ वाकडं, आणि आत पांढऱ्या अळ्या. ही पाहा, अंगाचा आकडा करून टुणकन उडाली. फळमाशीची मादी कोवळ्या सालीत डंख मारून आत अंडी घालते. अळी गराच्या आत असते, वरून मारलेली फवारणी तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून कुठलंही औषध आणण्याआधी सडकं फळ चिरून बघायचं. धरलेल्या फळाला कागदी पिशवी बांधा. कामगंध सापळा (मादीसारख्या वासानं माशीला ओढणारा) लावा, पण त्यात फक्त नर अडकतात, एवढं ध्यानात असू द्या. किडकं फळ शेणखताच्या खड्ड्यात टाकलंत, तर अळी मातीत शिरून कोष करते आणि माशी होऊन परत तुमच्याच वेलावर येते. ते प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून कडक उन्हात ठेवा.

पावसाची झड लागली की फळाच्या टोकाला चिकटलेल्या ओल्या, कोमेजल्या फुलावर बुरशी धरते. काळ्या डोक्याच्या बारीक टाचण्या टोचल्यासारखी दिसते. ही खरी सड. फळ धरलं की कोमेजलेलं फूल काढून टाका आणि वेल जमिनीवर लोळू देऊ नका.

राहिला तो कॅल्शियमसाठी आळ्यात अंड्याची टरफलं टाकायचा सल्ला. बरं वाढलेल्या फळाच्या टोकाला काळपट, खोलगट डाग पडला, तर ती कॅल्शियमची कमतरता, हे बरोबर. पण तापीकाठच्या काळ्या जमिनीत चुनखडी मुळातच भरपूर आहे. कॅल्शियम फळापर्यंत जातं ते पाण्यासोबत. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, त्या दिवशी आळं तुडुंब भरायचं आणि मग भेगा पडेपर्यंत बघायचं नाही, अशानं ते पोचणार कसं? तेच पाणी साठवून थोडं थोडं द्या, आळ्यात पालापाचोळा अंथरा, वाफसा (मातीतला बेताचा ओलावा) टिकू द्या.

आणि वेलावर तीन-चार गंगाफळं आधीच फुगत असतील, तर त्यानंतर येणारी फळं पूड नीट लागूनही गळतील. सगळ्यांना पोसणं वेलाला झेपत नाही. भाजीसाठी एखादं कोवळंच काढून घेतलंत, तर पुढच्याला जागा होते.